समजून घ्या : अकोल्याच्या गच्चीवर ‘हॉप्स’ फुलेल का? आणि घरच्या बिअरला परवानगी आहे का?

मोर्णेच्या काठावर, असदगडाच्या आजूबाजूला वसलेले जुने शहर हे अकोल्याचे मूळ गाव. इथे घराला घर लागून. अंगण बहुतेकांना नाहीच, त्यामुळे झाडे लावायची हौस भागते ती गच्चीवर. तुळस, गुलाब, कारल्या-दोडक्याचे वेल आणि अलीकडे मोबाइलवर पाहून मागवलेले ड्रॅगन फ्रूट. त्याच मोबाइलवर आता आणखी एक वेल दिसू लागतो. दोरीवरून सरसर चढणारा, हिरव्या शंकूंनी लगडलेला. नाव हॉप्स. ‘घरी हॉप्स लावा, घरचीच बिअर बनवा’ असे सांगणारे व्हिडिओ आहेत, ऑनलाइन बाजारात बियांची पाकिटे आहेत आणि ‘एक लाख रुपये किलो’चा भाव सांगणारे फॉरवर्डही अधूनमधून फिरत असतात.

यात खरे किती? वेल अकोल्यात येईल का, आला तर त्याला फुले धरतील का, धरली तर त्यांची बिअर करता येईल का आणि शेतकऱ्याने यात पैसे घालावेत का? या चारही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. शेवटच्या दोन प्रश्नांचा संबंध थेट पोलिस ठाण्याशी आणि सातबाऱ्याशी येतो.

हॉप्स म्हणजे नेमके काय?

हॉप्स हा थंड प्रदेशातला बहुवर्षायू वेल. शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस. कुळ गांजा-भांगेचे, म्हणजे कॅनाबेसी. नाते चुलत भावंडांचे असले तरी हॉप्समध्ये गांजाची नशा नाही आणि अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या ‘कॅनाबिस’मध्ये तो मोडत नाही. पानही वेगळे, द्राक्षाच्या पानासारखे कातरलेले आणि खरखरीत.

हिवाळ्यात वेल जमिनीपर्यंत वाळतो. जमिनीतले कंद मात्र जिवंत राहतात आणि वसंतात त्यातून नवे कोंब फुटतात. मग वेल असा सुटतो की चांगल्या दिवसांत वीत-वीत वाढतो. एका हंगामात पाच-सहा मीटर उंची सहज गाठतो. त्याला कारल्यासारखे ताणे नसतात. खोडावर बारीक आकडेदार केस असतात, त्यांच्या आधाराने तो दोरीभोवती गुंडाळत जातो, आणि वरून पाहिले तर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच.

नर आणि मादी वेल वेगळे असतात. बिअरसाठी उपयोग फक्त मादी वेलाच्या शंकूसारख्या फुलोऱ्याचा. त्यामुळे हॉप्सची लागवड बियांपासून कुणी करत नाही. बियांतून नर किती, मादी किती याचा भरवसा नसतो आणि मूळ वाणाचे गुणही टिकत नाहीत. जगभर ती मादी वेलाच्या कंदापासून किंवा कलमापासून होते. ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या पाकिटाबद्दल पहिली शंका इथेच घ्यायला हवी.

बिअरमध्ये त्याचे काम काय?

बार्लीचे मोड आणून, ते भाजून-भरडून, गरम पाण्यात उतरवले की मिळतो तो गोड रस. तो तसाच आंबवला तर चव मिळमिळीत आणि टिकाऊपणा कमी. हॉप्सच्या शंकूच्या पाकळ्यांखाली पिवळी, चिकट पूड असते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. त्यातली ‘अल्फा आम्ले’ रसात उकळली की त्यांची रचना बदलते आणि बिअरचा ओळखीचा कडूपणा येतो. त्यातलीच सुगंधी तेले वास देतात. ती उकळताना उडून जातात, म्हणून वासासाठीचे हॉप्स शेवटी टाकतात. तिसरे काम राखणदाराचे. बिअर आंबट करणाऱ्या काही जिवाणूंना हॉप्स वाढू देत नाही.

बिअरची बाटली तपकिरी का, याचेही उत्तर हॉप्समध्येच आहे. उकळून तयार झालेल्या कडू द्रव्यांवर ऊन पडले की त्यांतून उग्र, घाणेरडा वास तयार होतो. तपकिरी काच तो प्रकाश अडवते.

जर्मनीतल्या हालरटाऊ भागात आठव्या शतकापासून हॉप्सच्या बागांची नोंद सांगितली जाते. बव्हेरियात १५१६ मध्ये निघालेल्या फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच घालण्याची परवानगी दिली. तेव्हापासून हॉप्स म्हणजे बिअर हे समीकरण पक्के झाले. आज जगातले सर्वाधिक हॉप्स अमेरिका आणि जर्मनीत होतात. चेक प्रजासत्ताकातल्या झाटेत्स भागातल्या हॉप्सच्या शेतांना आणि गोदामांना २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

अकोल्यात अडचण उन्हाची की उजेडाची?

कुणीही म्हणेल, उन्हाची. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावून भरदुपारी कामे आणि शिकवण्या घेण्यावर बंधने आणली होती. जिथे माणसांसाठी जमावबंदीचा आदेश काढावा लागतो, तिथे बव्हेरियाच्या वेलाचे काय होणार?

पण खरी अडचण उन्हापेक्षा दिवसाच्या लांबीची आहे.

हॉप्सचा वेल दिवस मोजतो. दिवस लांब आहे तोवर तो फक्त वाढतो. दिवस एका मर्यादेखाली आखूड झाला की वाढ थांबवून फुलायला लागतो. ही मर्यादा वाणागणिक बदलते, पण बहुतेक व्यापारी वाणांसाठी ती १५ ते १६ तासांच्या आसपास असते. हालरटाऊमध्ये २१ जूनला दिवस सुमारे १६ तासांचा असतो. एप्रिलमध्ये फुटलेला वेल तोवर मांडवाच्या वरच्या तारेपर्यंत पोचलेला असतो. मग दिवस उतरू लागतात, वेल फुलतो आणि ऑगस्टच्या अखेरीस तोडणी सुरू होते. म्हणूनच हॉप्सची शेती साधारण ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात एकवटलेली आहे.

अकोला २० अंश ४२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. इथला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा. म्हणजे वेलाच्या हिशेबाने इथे ‘लांब दिवस’ कधी उजाडतच नाही. कोंब वर आला की त्याला वाटते, हंगाम संपत आला, फुला! वेल जेमतेम कमरेएवढा असताना त्याला तुरळक फुले धरतात आणि वाढ खुंटते. खत, पाणी, माती सगळे चोख असूनही मूठभर शंकूंवर समाधान मानावे लागते.

यावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. दिवा. सूर्य मावळल्यावर वेलावर काही तास एलईडीचा उजेड ठेवला तर वेलाला दिवस १६-१७ तासांचा वाटतो. उजेड फार प्रखर लागत नाही, कारण तो अन्न तयार करण्यासाठी नसून वेलाला फसवण्यासाठी असतो. वेल पाच मीटर चढला की दिवा बंद करायचा. मग तो फुलतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, अकोल्याहून थोड्याच उत्तरेला, २७-२८ अक्षांशावर, तिथल्या राज्य विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने अशा दिव्यांच्या जोरावर वर्षातून दोन पिके काढून दाखवली आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या जॉर्ज गावाभोवतीही एके काळी दिव्यांवर हॉप्स घेतले जात. पुढे तिथे आखूड दिवसांना मानवणारे वाण तयार झाले.

आणखी एक समज होता, की हॉप्सला कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय फुले येतच नाहीत. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे विल्यम बाउर्ले यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो खोडला गेला. थंडी न देताही, केवळ उजेडाचे तास सांभाळून वेल फुलवता येतो, असे त्यात दिसले.

हे सगळे जोडले तर अकोल्यासाठी एक वेगळाच हंगाम सुचतो. उन्हाळ्याशी झगडण्यापेक्षा पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात कोंब वर आणायचा, डिसेंबरपर्यंत दिव्याखाली चढवायचा आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, ऊन तापण्याआधी शंकू उतरवायचे. शास्त्र पाहता हे जुळावे. प्रत्यक्षात वेल कसा वागेल हे लावल्यावरच कळेल. आणि मध्येच चार रात्री वीज गेली तर वेल आपल्या मर्जीने फुलायला लागेल, हेही लक्षात ठेवलेले बरे.

माती, पाणी आणि पावसाळा

हॉप्सला निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी ते उदासीन माती लागते. वऱ्हाडची काळी माती चुनखडीची, चिकट आणि अल्कलीकडे झुकलेली. कुंडीत ती एकटी भरली तर पावसाळ्यात कंद कुजतील. रेती, कुजलेले शेणखत आणि कोकोपीट मिसळणे भाग आहे. कुंडी नव्हे, ड्रमच घ्यावा. पन्नास लिटरच्या खाली जाऊ नये.

पाण्याचा मुद्दा अधिक नाजूक. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. हॉप्सला क्षार सोसत नाहीत. अकोला शहरात महानच्या काटेपूर्णा धरणाचे नळाचे पाणी येते, ते चालेल. बोअरच्या पाण्याची चव आधी जिभेवर घेऊन पाहावी. ते मचूळ लागले तर वेलाच्या पानांच्या कडा काही आठवड्यांत करपतील.

कोरड्या उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी पडतो, तर पावसाळ्यातल्या दमट हवेत केवडा आणि भुरी. केवडा हा हॉप्सचा जगभरचा जुना वैरी आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा हंगाम धरण्याचे हेही एक कारण.

शंकू उतरवायचे कधी आणि कसे?

तोडणीची वेळ बोटांनी कळते. कच्चा शंकू ओलसर, मऊ असतो. दाबला की दबलेलाच राहतो. तयार झालेला शंकू कागदासारखा कुरकुरतो आणि दाबून सोडला की पुन्हा फुगतो. मधोमध फाडला तर आतली पूड गर्द पिवळी दिसते आणि बोटांना चिकटते. वास तीव्र असतो, कधी लिंबाच्या सालीसारखा, कधी ताज्या कापलेल्या गवतासारखा. पाकळ्यांची टोके तपकिरी व्हायला लागली की थांबू नये. पूड नारिंगी झाली आणि लसणीसारखा वास आला तर उशीर झाला.

ताज्या शंकूत साधारण ८० टक्के पाणी असते. ते ८ ते १० टक्क्यांवर आणावे लागते. म्हणजे पाच किलो ओले उतरले तर वाळून एक किलोच्या आसपास हाती येते. वाळवताना पापड-कुरडयांचा अनुभव इथे उलटा पडतो. कडक उन्हात टाकले तर सुगंधी तेल उडते आणि कडू द्रव्य खराब होते. सावलीत, जाळीवर, पातळ थर करून, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवायचे. मधला दांडा वाकवला की मोडला पाहिजे. नुसता वाकला तर आत ओल आहे. नंतर हवा काढलेल्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये. उघडे राहिले तर काही महिन्यांत जुन्या चीजसारखा वास येतो.

पहिल्या वर्षी फारसे काही मिळत नाही. थंड प्रदेशात तिसऱ्या वर्षापासून एक जोमदार वेल अर्धा ते एक किलो वाळलेले शंकू देतो. गच्चीवरच्या ड्रममध्ये त्याच्या चौथाईची अपेक्षाही जास्तच. तोडताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा; खोडावरच्या आकड्यांनी हातावर ओरखडे उठतात आणि काहींना पुरळ येते. घरात कुत्रा असेल तर विशेष काळजी. हॉप्स कुत्र्याच्या पोटात गेला तर त्याचे अंग धोकादायक तापते आणि ते जिवावरही बेतू शकते.

मग घरी बिअर करता येईल?

महाराष्ट्रात नाही. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे. स्वतःपुरती, पाहुण्यांपुरती, पाच लिटर, अशी कोणतीही सवलत नाही.

१९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आता ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने लागू आहे. त्यातली ‘दारू’ची व्याख्या फक्त गावठी किंवा देशी-विदेशीपुरती नाही. वाइन, बिअर, ताडी आणि मद्यार्क असलेले सगळे द्रव तिच्यात येतात. कलम १२ नुसार दारू बनवण्यास मनाई आहे. कलम ६५ मध्ये शिक्षेची तरतूद आहे, आणि वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांचे वाचक हे कलम चांगले ओळखतात. ‘सडवा मोहामाच जप्त, कलम ६५ नुसार गुन्हा’ ही बातमी दर आठवड्याला असते. या कलमाखाली केवळ दारू बनवणे नव्हे, तर ती बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडी, उपकरणे बाळगणेही येते. शिक्षेत कैदही आहे आणि दंडही. मेळघाटच्या पायथ्याशी मोहाचा सडवा पकडला जातो त्याच कलमाच्या कक्षेत गच्चीवरच्या स्टीलच्या टाकीतली ‘क्राफ्ट बिअर’ही येते. कायदा बार्ली आणि मोह यांत भेद करत नाही.

मग व्हिडिओतले लोक बिनधास्त कसे? ते बहुतेक अमेरिकेतले किंवा इंग्लंडमधले असतात. इंग्लंडने घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःसाठी करण्याची मुभा मिळाली. पण व्हिडिओ इथे दिसला म्हणून तिथला कायदा इथे लागू होत नाही.

राज्यात छोट्या प्रमाणावर बिअर बनते ती परवानाधारक मायक्रोब्रुअरीत. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली, ती या धंद्याची महाराष्ट्रातली सुरुवात. नाव इंग्रजी वाटले तरी ते नाशिकजवळच्या देवळालीचे आहे. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर परिणाम होई, म्हणून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे चक्रम.

नुसता हॉप्सचा वेल लावणे गुन्हा नाही. शोभेसाठी, वासासाठी, चहासारख्या काढ्यासाठी तो खुशाल लावावा. मात्र परदेशी संकेतस्थळावरून कंद मागवताना दुसरा नियम आडवा येतो. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातून रोप, कंद किंवा बी आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहून आलेला कंद या नियमात बसत नाही.

‘एक लाख रुपये किलो’चे काय झाले?

मार्च-एप्रिल २०२१ मध्ये एक बातमी देशभर फिरली. बिहारच्या औरंगाबाद जिल्ह्यातला एक शेतकरी ‘जगातली सर्वांत महाग भाजी’ पिकवतो, ती म्हणजे हॉप्सचे कोवळे कोंब, भाव एक लाख रुपये किलो. एका सनदी अधिकाऱ्यांनी ती समाजमाध्यमावर टाकली आणि ती घरोघर पोचली. मग पत्रकार त्या गावी गेले. गावकऱ्यांनी सांगितले, असे पीक इथे नाही. पीक दुसऱ्या जिल्ह्यात असल्याचे सांगितले गेले. तिथेही ते सापडले नाही. हा खुलासा बातमीइतका फिरला नाही. फॉरवर्ड मात्र अजून जिवंत आहे.

हॉप्सचे कोंब युरोपात खरोखर महाग विकले जातात. बेल्जियममध्ये हंगामाच्या सुरुवातीच्या पहिल्या कोंबांना लिलावात मोठा भाव मिळतो. ती काही दिवसांची, काही किलोंची हौस असते. जमिनीतून एकेक कोवळा कोंब हाताने शोधून काढावा लागतो, म्हणून भाव. त्या भावाने विदर्भातून माल घेणारा ग्राहक नाही.

वऱ्हाडाला हा खेळ नवा नाही. सफेद मुसळी, कोरफड, जट्रोफा, इमू, कडकनाथ. दर काही वर्षांनी एक ‘सोन्याचे पीक’ येते. बियाणे किंवा पिल्ले महाग विकली जातात, ‘माल आम्हीच परत घेऊ’ असा करार होतो, पहिल्या वर्षी दोन-चार जणांना पैसे मिळतात, त्यांचे फोटो छापून येतात आणि माल तयार होईपर्यंत विकणारा फोन उचलत नाही. पैसा पिकात नसतो, बियाण्यात असतो. दोन हजार सालानंतरच्या काही वर्षांत मुसळीचे कंद विकत घेतलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. हॉप्सचे कंद विकायला कुणी गावात आलाच, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : माल कोणत्या ब्रुअरीला जातो, तिच्या खरेदीची पावती दाखवा.

कारण भारतात हॉप्सचा बाजार अरुंद आहे. महाराष्ट्रातल्या बिअर उद्योगाचे मोठे केंद्र छत्रपती संभाजीनगर, म्हणजे अकोल्याहून काही तासांवर. पण देशातल्या मोठ्या ब्रुअरी ओले किंवा वाळलेले शंकू पोत्यातून घेत नाहीत. त्यांना हव्यात दाबून केलेल्या गोळ्या किंवा अर्क, ज्यात अल्फा आम्लाचे प्रमाण मोजून लिहिलेले असते. हा माल बहुतांशी आयात होतो.

देशात हॉप्सची व्यापारी शेती टिकली ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, काश्मीरच्या महाराजांच्या राज्यात सोपोरजवळ हॉप्सची सरकारी बाग होती. वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काश्मीरवरच्या ग्रंथात तिची नोंद आहे. लाहौलमध्ये १९७० च्या दशकात लागवड सुरू झाली. थंडी आहे, पाऊस कमी आहे, उन्हाळ्यात दिवसही सव्वाचौदा तासांपर्यंत जातो. एवढे अनुकूल असूनही तिथले क्षेत्र घटत गेले. आयात मालाशी भावात टिकता येईना, तेव्हा शेतकरी फुलकोबी आणि वाटाण्याकडे वळले. जिथे वेलाला दिवा लागत नाही तिथे परवडले नाही, तर दिवा लावून अकोल्यात परवडण्याचा हिशेब कुणी मांडून दाखवलेला नाही.

वऱ्हाडाला वेल नवा आहे का?

मुळीच नाही. हॉप्सइतकाच नाजूक, हाताने तोडावा लागणारा, वाळवून विकला जाणारा वेल याच पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. पानपिंपरी, म्हणजेच पिंपळी. अमरावती जिल्ह्यातला अंजनगाव सुर्जी, अकोल्यातले अकोट आणि तेल्हारा हा तिचा टापू. सातपुड्याच्या पायथ्याची, गोड्या पाण्याची जमीन. बारी समाजाने ती सांभाळली, त्यांच्याच नागवेलीच्या पानमळ्यांच्या जोडीने.

बाजारात तिला नाव पिंपळीचे. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून त्रिकटू होते. सितोपलादी चूर्णात ती असते. तिचे मूळही विकले जाते, त्याला पिंपळमूळ किंवा गंठोडा म्हणतात. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ते घालतात. ग्राहक कोण, हा प्रश्न पिंपळीला पडत नाही. आयुर्वेदिक औषधांचे कारखाने आणि गावोगावचे काष्ठौषधींचे दुकानदार तिचे गिऱ्हाईक आहेत.

हॉप्सला लागतो तसा उंच मांडव तिला लागत नाही. पांगारा, शेवरी, हेटा अशी झाडे आधी लावतात. तीच तिचा आधार आणि तीच तिची सावली. बाहेर ४५ अंश असताना मळ्यात शिरले की गारवा जाणवतो. मातीत सतत ओल राखलेली असते. हिरव्या, काळपट होत आलेल्या पण न पिकलेल्या पिंपळ्या बोटांनी खुडतात आणि उन्हात वाळवतात. हॉप्सला जे ऊन मारते, ते पिंपळीच्या वाळवणाला लागतेच. अर्थात हेही पीक सोपे नाही. मर रोग आला की मळाच्या मळा बसतो, पाणी आणि मजुरी दोन्ही रोज मागतो, आणि भाव वर्षागणिक हलतो.

अकोल्यातल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे नागार्जुन उद्यान आहे. गच्चीवर काय जगेल आणि काय नाही, हे बियांचे पाकीट मागवण्याआधी तिथे विचारता येते. पिंपळीचे बेणे अकोट-अंजनगावच्या मळ्यांतून मिळते. पावसाळ्याच्या तोंडावर आणलेली दोन-तीन पेरांची कांडी पसरट कुंडीत, शेवग्याच्या किंवा हेट्याच्या सावलीत लावली, तर तिला दिवा लागत नाही. रोज संध्याकाळी तांब्याभर गोडे पाणी मात्र चुकवता येत नाही.